आमच्या हातांवरचे चट्टे आणि विंचूरचे पाहुणे

नाशिक रोड,
रविवार

ती. पुंजामामांना,

हर्षालीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आणि मामीची शेळी, दोघेही आता नीट चालायला लागले असतील अशी आशा करते. आमच्याकडे सगळे ठीक आहे, असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

तुम्ही नदीतले दोन दगड दिलेत, एक खरबरीत, एक गुळगुळीत, आणि बजावलेत की दगड आधी पाण्यात मुरू द्यायचा, मग त्यावर पटाशी घासायची, आणि हातावरची लव न ओढता उतरली तरच लाकडाला हात लावायचा. तशी धार आणलीस तर दिवाळीनंतर मुखवटे कोरायला शिकवतो, हा तुमचा शब्द. मी तो फारच मनावर घेतला. (घरातली पहिली पदवीधर असल्यामुळे परीक्षा म्हटली की मी सगळेच मनावर घेते.) दगड बादलीत भिजत ठेवले, तर गुळगुळीत दगडाला वजरी समजून बाबांनी टाचा घासल्या. टाचा अजून चमकतात. मी रोज पटाशी घासायची आणि रोज हातावर फिरवून बघायची. लव उतरायची, पण ओढून. असे करता करता माझ्या हातावर तपासण्यासारखे काही उरलेच नाही. मग बाबांचा हात घेतला (पेपर वाचताना ते कशालाच विरोध करत नाहीत). मग आईचा, ती मालिका बघत असताना. तिने विरोध केला, पण तोवर एक चौकोन झाला होता.

अशात विंचूरहून मला बघायला पाहुणे आले, कुंदन नावाचा मुलगा आणि त्याची आई लंकाबाई. आईने आधीच दम दिला होता, "शिकलेली पोर सुतारकी करते हे त्यांच्यासमोर काढायचं नाही. पटाशीचं नावसुद्धा नको." मी श्रमाच्या प्रतिष्ठेवर थोडे बोलायची तयारी केली होती, ती गिळली. पोह्यांची बशी पुढे केली, तर बाही सरकली आणि लंकाबाईंना माझ्या हातावरचे चट्टे दिसले. मग बाबांनी पाणी पुढे केले. तिथेही चट्टे. आईने कुंकू लावायला हात उचलला. चौकोन. लंकाबाईंनी कपाळ जरा मागे घेतले आणि हळूच विचारले, "घरात कुणाला अंगावरचं काही हाय का?" आता बाबा खोटे बोलत नाहीत आणि पटाशीचे नाव तर काढायचे नव्हते. ते म्हणाले, "तसं काही नाही हो. हे पोरीमुळंच. आधी तिला झालं, मग मला, मग हिला."

पोहे तसेच राहिले. तेव्हापासून आई आम्हा दोघांशी भिंतीकडे बघून बोलते. मला मात्र (तुमच्यापासून काय लपवायचे) बरेच वाटले. लग्न ठरले असते तर तुमच्याकडे शिकायला यायचे राहिलेच असते. आणि मी काही खोटे बोलले नव्हते, बाबा बोलत होते तेव्हा मी लाडू खात होते.

मामीला नमस्कार.

तुमची भाची,
हर्षाली

ता. क. कुंदनने दुसऱ्या दिवशी फोन करून सरळ विचारले, की आजार नेमका कोणता. मी खरे सांगितले, वर श्रमाची प्रतिष्ठाही ऐकवली. तो न हसता ऐकत राहिला आणि संध्याकाळी दगड बघायला आला. दगड मधे झिजून खळगा पडला की काय करायचे, असे त्याने विचारले. (हा प्रश्न मला आजवर कुणीही विचारला नव्हता.) मग आपणहून बाही वर केली. मामा, लव कसली, शेतच ते. पटाशी फिरवली आणि न ओढता उतरली. म्हणजे धार आली. दिवाळीनंतर मी येते आहे. तुमच्या गावाला कोणती एस्टी जाते, तेही त्यानेच शोधून ठेवले आहे.

आणखी ता. क. खरे काम हे. जेवताना लंकाबाईंनी त्याचा हात पाहिला आणि लागण झाली म्हणून जेवण सोडले. तो दगडाची गोष्ट सांगतो, तर त्यांना वाटते पोरगा मला पाठीशी घालतोय. आमच्या घरातल्या कुणाचे त्या ऐकणार नाहीत. तेव्हा तुम्हीच विंचूरला जाऊन मोठेपणाने समजावून सांगा. हे लग्न मला हवे आहे. फक्त जाताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. तुमचे दोन्ही हात मी पाहिले आहेत.