कमरेचं माप

सोमवार
आले बाई एकदाची लेकीच्या घरी! उजेडाची खोली, खिडकीखाली माझं शिलाई मशीन, आणि डायलिसिस केंद्र हाकेच्या अंतरावर. बॅगा उचलताना जावयाने विचारलं, आई, मशीनची भावंडंही बरोबर आणलीत का? हसून हसून पुरेवाट झाली. लेक मला स्वतःची किडनी देणार आहे. ऐकलं की ऊर भरून येतो आणि मानही खाली जाते.

बुधवार
डॉक्टरांनी पोटावर हात ठेवून समजावलं. ही चरबी नुसती साठवण नाही म्हणे. आतड्यांभोवती बसून ती रक्तात काहीबाही सोडते आणि अंगभर दाह धुमसत ठेवते. धड किडनी त्यातलं बरंच बाहेर टाकते, माझी टाकत नाही. हा दाह हृदयाला वाईट, नव्या किडनीलाही. म्हणून कंबर उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही. दर रविवारी घरी मोजायचं आणि फोनवर कळवायचं. लेकीदेखत पोट उघडं टाकून पडले होते. धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

रविवार
लेकीने टेप लावली. कंबर तसूभर हलली नव्हती. चोरून खातेस का गं, तिने हळूच विचारलं. खरंच नाही. पण मेली नजर वर होईना.

गुरुवार
वजन मात्र उतरतंय. केंद्रातली नर्स चिडवते, आजी, मॉडेल व्हायचंय की काय? तिला काट्यावरचा आकडा दिसतो. हातापायांच्या काड्या झाल्या, पोट जिथल्या तिथे. आणि गरम. तळवा ठेवला तर आतून कुणीतरी अंग चोरून सरकल्यासारखं झालं.

शनिवार
आयुष्य लोकांची पोटं कपड्यात जिरवण्यात गेलं. आज स्वतःचं पोट आवळायला दुहेरी शिवणीचा पट्टा शिवला. लेक कपड्यांवरूनच मोजते.

रविवार
चार बोटं कमी! लेक चक्क नाचली. लगेच फोन, लगेच ऑपरेशनची तारीख. जावयाने माझी दृष्ट काढायचं तेवढं बाकी ठेवलं. मी हसले. पदर पट्ट्यावर ओढून घेतला.

मंगळवार
पट्टा उसवला. धागे बाहेरच्या बाजूला ताणून तुटलेत. माझी शिवण अशी कधीच उसवत नाही. परत शिवला. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकतात. माझंच मांस खाऊन ते पोसतंय.

शुक्रवार
लेकीला खरं सांगायला गेले. तिची किडनी या विस्तवात कशी टाकू? तोंड उघडलं, तोच पोट आवळलं. तोंडातून भलतंच निघालं, लवकर कर गं, धीर धरवत नाही. तिने मला मिठी मारली. ते तिच्याकडे सरकलं. तिला जाणवलं असावं. दचकली, मग हसली.

रविवार
उद्या ऑपरेशनसाठी भरती. बाहेर लेक बॅग भरतेय. आवाज फुटत नाही, म्हणून लिहिते — पट्टा खोटा आहे — बाळा, देऊ नकोस — लाज वाटली गं, म्हणून —

मी बरी आहे. कंबर उतरली आहे.

हे मी नाही लिहिलं. हात माझा, पण —

पट्टा तुटला. ती दार वाजवतेय. आई, काय वाजलं, विचारतेय. येऊ नकोस, आत येऊ न —

ये. ये ना. जवळ ब —