ट्री फर्नच्या सूचना

१२ ऑक्टोबर
वसुधाला एअरपोर्टवर सोडून आलो. फ्रीमाँटला लेकीकडे चाललीय, सलोनीकडे. बॅगा तीन. नातवंडांचा खाऊ, दुसरं काय! जाताना म्हणाली, फ्रिजवर चिठ्ठी आहे, नक्की वाचा. तिच्या ट्री फर्नच्या सूचना असणार. आठ वर्षं हे झाड कुंडीत पोरासारखं वाढवलंय, माझ्या छातीला लागतं आता. तीस वर्षं गाड्यांचे हीटर डिझाइन केले मी, आणि मला सूचना! चिठ्ठी आहे तिथे राहू दे.

संकल्प: दरवर्षी हिवाळ्यात वसुधा फर्न गॅरेजमध्ये ओढते. यंदा आमच्या ट्रॉयची बर्फाळ थंडी ते अंगणातच काढणार. एप्रिलमध्ये ती येईल आणि बघतच राहील.

२ नोव्हेंबर
शेंड्यात गवत कोंबलं. बुंध्याला बबल रॅप, वर रजई, आत उबेसाठी दिवाळीच्या दिव्यांच्या माळा. वसुधाचा फोन. चिठ्ठी वाचलीत का? म्हटलं, वाचली की. अगदी तुझ्या मनासारखं चाललंय. मग म्हणाली, बरं. आवाज बसला होता. हवाबदल.

१९ डिसेंबर, सकाळी ७
बाहेर आठ डिग्री फॅरनहाइट, कडक गोठण. शेजारचा देवांग म्हणाला, काका, एलईडीच्या माळा गरम होत नाहीत. माहीत होतं. बेसलाइन, म्हणजे हीटरशिवायचं माप, घेत होतो. गॅरेजमध्ये हलवू या का, म्हणाला. चालू टेस्ट मध्येच मोडायची नसते.

११ जानेवारी
सलोनीचा फोन. बाबा, आर यू ओके? आय मीन, रिअली? कॅलिफोर्नियात राहून थंडीचा धसका घेतलाय पोरीने. म्हटलं, हीटिंग उत्तम आहे. तर रडायलाच लागली. वसुधा फोनवर आली नाही. स्वयंपाकात असेल.
आज पुन्हा खिचडी. दोन कप चहा केला, सवयीने. दोन्ही मीच प्यायलो. करमत नाही.

८ मार्च
रजई काढली. शेंडा हातातच आला. काळा, बुळबुळीत. तिला काय तोंड दाखवू? चिठ्ठीत काही उपाय असेल.

८ मार्च, दुपारी
चिठ्ठीत लिहिलंय, यापुढे सलोनीकडेच राहावं म्हणते. चाळीस वर्षं मी बोलायला लागले की पुढचं वाक्य तुम्हीच पुरं करता. माझं जाणं तुम्हाला नको असेल तर फोनवर फक्त ‘ये’ म्हणा. मी येईन. ता. क. फर्न गॅरेजमध्ये घ्या. बाकी काही करू नका.

लगेच फोन लावला. सलोनीने उचलला. आई वॉकला गेलीय, काही निरोप आहे का?
म्हटलं, फर्न मजेत आहे म्हणून सांग.