चार शब्द, बिनटिंबांचे

ता. ४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

उभी असलीस तर आधी बस, चष्मा लाव, आणि हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. मी कॉलेज सोडलं. महिना होत आला.

कारण सांगतो. खोलीची किल्ली हरवली म्हणून चौकापलीकडच्या कुलूपवाल्यांच्या दुकानात गेलो. किल्ली करून दिली त्यांच्या मुलीनं. पकडीत कोरी किल्ली धरून ती कानस चालवत होती, आणि वर न बघता म्हणाली की किल्ल्या हरवणारी माणसं दोन प्रकारची, विसरभोळी आणि रिकामटेकडी, तुम्ही कुठले? तिला घरीदारी कानसच म्हणतात, ते हत्यारावरून की जिभेवरून ते कुणी सांगत नाही. मावशी, त्यानंतर माझी किल्ली आणखी चार वेळा हरवली. एका खोलीच्या पाच किल्ल्या झाल्या (पहिली सोडून हरवलेल्या सगळ्या उशीखालीच होत्या). पाचव्या वेळी ती म्हणाली, आता किल्ली न हरवता आलात तरी चालेल. तेव्हापासून पाचही खिशात घेऊन हिंडतो. मी येतोय हे गल्लीला आधी कळतं.

मग मी सरळ तिच्या वडिलांपुढे जाऊन उभा राहिलो. काय शिकता म्हणाले. म्हटलं, जुन्या भाषा, मुख्यतः जुनी हिब्रू. ती बोलतं कोण, म्हणाले. म्हटलं, मी शिकतो तशी बोलणारे केव्हाच गेले. त्यावर त्यांचं म्हणणं, मेलेल्या माणसांशी बोलणाऱ्याला मी माझी जिती मुलगी कशी देऊ? माझं डोकं सटकलं. दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉलच्या टेबलावर नाव काढून टाकण्याचा अर्ज आपटला आणि संध्याकाळी दुकानात जाऊन छाती फुगवून सांगितलं, सोडलं कॉलेज. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाले, म्हणजे कालपर्यंत निदान विद्यार्थी तरी होतात.

पण आता पारडं फिरलंय. एक मार्चला दुकानाला चाळीस वर्षं होतात. दारावर पितळी पाटी लावायची आहे, आणि तीवर असं वचन हवं की आसपास कुणाच्या दारावर नसेल. मला बोलावून म्हणाले, तुमच्या त्या भाषेत किल्लीबद्दल काही असेल तर आणा. पाटीला शोभलं, तर तुमचं म्हणणं बसून ऐकेन. मी त्याच दुपारी तू मला दिलेली, जुन्या हिब्रू वचनांची निळी वही उघडली. ‘कंबर’ असं मथळ्याला लिहिलेल्या पानावर चार शब्द मिळाले: एल यित्हल्लेल, हागूर कमफ्तेआह. देवाची स्तुती असो, तो कमरेला बांधलेल्या किल्लीसारखा आहे! कुलूपवाल्यांनी ऐकलं आणि हात आपोआप कमरेच्या जुडग्यावर गेला. कानसनं कालपासून अक्षरं कोरायला घेतलीत.

होकार खिशात आहे असं धर. लग्नात काय नेसायचं ते ठरवून ठेव.

लोभ आहेच, तो यापुढे दोघांत वाटून द्यावास एवढंच मागणं.

तुझा,
तोफ


ता. ९ फेब्रुवारी

चि. तोफेस,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा कॉलेजपाशी थांबून पाणी प्याले, दुसऱ्यांदा वचनापाशी. तुझ्या आईला काही सांगितलेलं नाही. तिला वाटतं तू अभ्यासानं वाळलास.

बाळा, ती पाटी थांबव. त्या चार शब्दांत किल्ली नाही. देवही नाही.

जुनी हिब्रू नुसत्या व्यंजनांनी लिहितात, हे तुला मी सांगायला नको. टिंबं दिली तर स्वर कळतो, नाही दिली तर वाचणाऱ्याच्या मनात असेल तो लागतो. आपल्याकडे नुसतं ‘पत’ लिहून ठेवलं, तर प्रेमात पडलेला ‘पती’ वाचेल आणि मुलीचा बाप ‘पिता’ वाचेल. तुझं तेच झालं. पहिला शब्द ‘एल’ म्हणजे देव नव्हे, ‘अल’ म्हणजे नको. ‘होगेर’ म्हणजे कंबर बांधणारा, लढाईला निघालेला. आणि शेवटच्या शब्दात ‘मफ्तेआह’ ही किल्ली नाही, ‘मफत्तेआह’ आहे, म्हणजे सोडणारा, लढून परतलेला. दोन्ही उघडण्याच्या एकाच धातूतून आलेत, म्हणून तुझा पाय नेमका तिथंच घसरला. अल यित्हल्लेल होगेर किमफत्तेआह. कंबर बांधणाऱ्यानं कंबर सोडणाऱ्यासारखी बढाई मारू नये.

कुणी कुणाला म्हटलंय तेही ऐक. डोंगरावरच्या एका शहराला एका बलाढ्य राजानं वेढा घातलेला. सोबत बत्तीस राजे, घोडे, रथ. निरोपावर निरोप पाठवतो, तुझं सोनंरुपं माझं, बायकामुलं माझी, आणि माझ्या माणसांनी मूठमूठ उचलली तर तुझ्या शहराची धूळसुद्धा पुरायची नाही. वेढ्यातला राजा एरवी काही फार चांगला माणूस नव्हता, पण त्या दिवशी त्यानं या चार शब्दांत उत्तर दिलं. ते पोचलं तेव्हा मोठा राजा तंबूत पीत बसला होता. त्यानं तिथूनच एक शब्द फेकला, सज्ज व्हा, आणि फौजा उभ्या राहिल्या. भर दुपारी तो अजून पीतच होता. शेवटी घोडा गाठून पळाला, हे सांगायला नकोच.

आपण याला गुडघ्याला बाशिंग म्हणतो. लढाईच्या आधीच विजय खिशात घालणारा एक माणूस मला माहीत आहे. त्याच्या खिशात सध्या पाच किल्ल्या वाजतात.

चूक माझीही आहे. छापखान्यात चाळीस वर्षं दुसऱ्यांची टिंबं तपासली, आणि स्वतःच्या वहीत द्यायचा कंटाळा केला. मला अर्थ ठाऊक होता ना!

प्रकृतीला जप, डोक्याला जास्त जप. माया आहे तशीच आहे.

तुझी,
मावशी


ता. १३ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा अक्षरं कोरून झाली होती. नुसती झाली नव्हती, पाटी घासून काउंटरवर ठेवलेली होती आणि कुलूपवाले येईल त्या गिऱ्हाइकाला जुडगं वाजवून अर्थ सांगत होते. एका बाईंनी तर उतरवून घेतला. मी दारातूनच परतलो.

खरं सांगू? तुझा राग आला. तुला कुणी विचारलं होतं? मीच कळवलं, हे खरं. पण मी लग्नाचं कळवलं होतं, व्याकरणाचं नाही. इथं ही लिपी वाचणारा एक माणूस नाही. पाटी शंभर वर्षं दारावर राहिली तरी कुणाला कळायचं नाही. आणि परवा त्यांनी मला पहिल्यांदा खुर्ची दिली. खुर्ची, मावशी! इतके दिवस मी उभा असायचो.

आता जाऊन सांगू, की तुमच्या चाळीस वर्षांच्या दुकानावर मी लढाईची गोष्ट कोरवली? ज्या वाचनासाठी बोलावलं त्यातच मी कच्चा, हे त्यांच्याच तोंडून ऐकू? मुलगी गेलीच मग. तेव्हा तू गप्प राहा, मीही राहतो. एवढं माझ्यासाठी कर.

राग शाईत उतरलाय, मनात धरू नकोस.

तोफ


ता. १७ फेब्रुवारी

चि. तोफेस,
अ. उ. आ.

गप्प राहीन. मला कुणी विचारायला येणार नाही.

एकच विचारते. ज्या मुलीनं त्या चार शब्दांतली एकेक रेघ छिन्नीनं काढली, ती उद्या तुझ्या घरात आली आणि एखाद्या दुपारी निळी वही घेऊन वाचायला शिकव म्हणाली, तर तू ‘कंबर’ हे पान वगळून शिकवणार का? पुढची सगळी वर्षं?

उत्तर मला नको. माया आहेच.

मावशी


ता. २३ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

सांगून आलो.

तुझं पत्र घेऊन दोन दिवस हिंडलो. तुझ्यावर चिडलो, मग त्या तंबूतल्या राजावर चिडलो, मग आरशात बघायचं टाळलं. काल सकाळी दुकान उघडताना जाऊन उभा राहिलो. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. म्हटलं, आज उभाच बरा. कानस आत बसून एका जुन्या कपाटाचं कुलूप सोडवत होती. तिनं हात थांबवला नाही, पण कानशीचा आवाज हळू झाला.

सगळं सांगितलं. काय वाचलं, काय वाचायला हवं होतं, आणि तेरा तारखेपासून मला ठाऊक होतं तरी नऊ दिवस तोंड मिटून बसलो, हेसुद्धा. कुलूपवाल्यांनी पाटी उचलली आणि प्रत्येक शब्दावर बोट ठेवून माझ्याकडून खरा अर्थ परत म्हणवून घेतला. लढाई कुणाची, राजे किती, पळाला तो कसा, हेही विचारलं. मला वाटलं आता पाटी डोक्यात बसते.

मग ते आपलीच गोष्ट सांगायला लागले. दुकान काढलं त्या पहिल्या वर्षी त्यांनी दारावर स्वतः रंगवलं होतं, इथं न उघडणारं कुलूप नाही. पहिलं गिऱ्हाईक आलं ते एक तिजोरी घेऊन. तीन दिवस ती उघडली नाही. लोक बघायला जमायचे, आधी बोर्ड वाचायचे, मग यांच्या तोंडाकडे. चौथ्या दिवशी त्यांनी बोर्ड पुसला, आणि त्या संध्याकाळी तिजोरी उघडली. त्यांच्या बायकोनं तेव्हा त्यांना जे सुनावलं होतं, ते त्यांनी मला काल तसंच्या तसं दिलं: “कुलूप उघडेपर्यंत किल्लीनं वाजू नये.”

आणि मावशी, नेमका त्याच क्षणी मी खिशात हात घातला. पाचही किल्ल्या खणखणल्या. आतून कानस हसली. मी तिला असं हसताना आधी ऐकलं नव्हतं.

होकार दिलेला नाही. नकारही नाही. म्हणाले, मेलेल्या माणसांनी तुम्हाला खरं बोलायला लावलं, म्हणजे ती अगदीच मेलेली नसावीत. जा, त्यांच्याशी बोलणं पुरं करून या. आज प्रिन्सिपॉलना भेटलो. त्यांनी माझा अर्ज खणातून काढला, पुढे पाठवलाच नव्हता. म्हणाले, दर वर्षी जानेवारीत असे दोनतीन येतात. एप्रिलमध्ये परीक्षा. हजेरी कमी आहे, त्याचा दंड म्हणून ग्रंथालयात पुस्तकं लावायची.

मागच्या पत्राबद्दल कान धरतो. वहीत टिंबं मी देतोय, पेन्सिलीनं, म्हणजे तुला खोडता येतील.

तुझा,
तोफ


ता. २ मार्च

ती. मावशींना,
सा. न.

मी कानस. आपण भेटलो नाही, पण तुमचं अक्षर मला पाठ आहे, कारण वहीवरूनच पाटीवर उतरवलं.

काल पाटी लागली. बाबांनी ती दाराच्या बाहेर न लावता आतल्या बाजूला लावली, कामाला बाहेर पडणाऱ्याला दिसेल अशी. चार भोकं पाडली होती, स्क्रू दोनच लावले. गिऱ्हाइकांना ते आता दोन्ही अर्थ सांगतात, आधी चुकीचा, मग बरोबर. खरं तर चुकीचा त्यांना अजून जास्त आवडतो. कमरेचं जुडगं वाजवायला मिळतं.

माझी एक विनंती आहे. टिंबं कुठं, किती, अक्षराच्या खाली की पोटात, ते मोठं काढून पाठवाल का? कागदावर पुसता येतं, पितळेवर येत नाही. तुमचा भाचा सांगतो आहे, पण तो घाईत सांगतो. बाबा म्हणतात निकाल लागेल त्या दिवशी टिंबं ठोकायची आणि उरलेले स्क्रू पिळायचे. तोवर मी जुन्या पत्र्यावर हात बसवते आहे.

आणखी एक. त्याला सांगू नका. माझं तिसऱ्या किल्लीलाच ठरलं होतं. मुद्दाम हरवतो हे मला दुसरीलाच कळलं होतं, कारण हरवलेल्या किल्लीसाठी धावत येणारा माणूस केस विंचरून येत नाही. पण हे आत्ता कळलं तर तो साऱ्या गल्लीला सांगत सुटेल, आणि ग्रंथालयातली पुस्तकं उलटी लागतील.

ओळख नसताना मागते आहे, तरी आपलं समजून पाठवावं.

आपली,
कानस


ता. २९ एप्रिल

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

शेवटचा पेपर आज झाला. कसा गेला ते विचारू नकोस.

दुकानावरून आलो. कुलूपवाल्यांनीही विचारलं नाही. उरलेले दोन स्क्रू एका डबीत घालून काउंटरवर ठेवलेत, मी बसतो त्या खुर्चीसमोर. तुझा टिंबांचा कागद भिंतीला चिकटवलाय, आणि कानसच्या बाकावर टिंबं ठोकून ठोकून चाळणी झालेला एक पत्रा पडलाय. तिला काहीतरी माहीत आहे आणि ती सांगत नाही, असं मला अलीकडे वाटतं. मीही विचारत नाही.

चार किल्ल्या तिला परत दिल्या. एक ठेवली. खिसा आता वाजत नाही.

निकाल लागला की लिहीन. त्याआधी माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. तेवढा लोभ मात्र असू दे.

तुझा भाचा