एक्केचाळीस मिनिटं

९ जानेवारी, गुरुवार

प्रयोगाच्या पेटीला वीज देणारा सप्लाय घूं घूं करायला लागला म्हणून उद्यमनगरातून आरिफभाईंना बोलावलं. मोटारी रिवाइंड करतात. माझ्या कॉइल त्यांनीच गुंडाळून दिल्यात, पाच वर्षांपूर्वी. झाकण उघडलं, मीटर लावला, आणि सहज म्हणाले, "म्याडम, कॉइल आन् दिवा एकाच सप्लायवर? कॉइलनं करंट वढला की दिवा मंदावणार की."

कॉइल चालू-बंद करून मीच मीटर बघितला.

डोळ्यांना दिसत नाही, पण मीटर सांगतो. दिवा मंदावतो.

पाच वर्षं मी काय केलं? दोन पेट्या, प्रत्येकीला वेगळा सप्लाय. काचेच्या नळ्यांत फळमाशा. चोवीस तास तोच अंधुक निळा उजेड, म्हणजे दिवस कधी, रात्र कधी, त्यांना कळायला मार्ग नाही. तरी त्यांच्या अंगातलं घड्याळ चालू राहतं — कधी उठायचं, कधी निजायचं. एका पेटीभोवती कॉइलचं हलकंसं चुंबकत्व, दुसरीत नुसता दिवा. चुंबकाच्या पेटीतलं घड्याळ रोज एक्केचाळीस मिनिटं पुढे! हाच माझा पेपर. परिषदांना जाऊन हेच सांगितलं.

पण निळा उजेड कमी केला तरी हे घड्याळ पुढे जातंच. पहिल्या वर्षाची पोरंही सांगतील.

मग ते चुंबक होतं, की मंदावलेला दिवा?

१० जानेवारी

दिवसभर जुन्या नोंदवह्या चाळत बसले.

११ जानेवारी

उदयसिंह सरांना सांगितलं. माझे गाइड. चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग एकेक कारण — पेपर तिघांनी तपासलाय, कुणी हा मुद्दा काढला नाही. दिव्यातला फरक एवढासा. मार्चमध्ये माझा थिसिस, ऑगस्टमध्ये त्यांची निवृत्ती. शेवटी म्हणाले, मार्च होऊ दे, मग तपासू.

बाहेर आले तर प्रियदर्शनी माशांचं खाणं शिजवत होती. मलकापूरच्या कॉलेजातली शिकवायची नोकरी सोडून जूनमध्ये आलीय, माझंच काम पुढे न्यायला. पहिल्या दिवशी म्हणाली होती, "ताई, तुमचा पेपर वाचून आले मी."

तिच्याकडे बघवेना. हात धुवायचं निमित्त करून बेसिनपाशी उभी राहिले.

१३ जानेवारी

आरिफभाईंनी दिव्याला वेगळी लाईन काढून दिली. आता कॉइल चालू असो की बंद, दिवा तेवढाच. नव्या माशा घातल्या, प्रत्येक पेटीत बत्तीस. दहा दिवस थांबायचं. सरांना सांगितलेलं नाही.

फरक यावा. एक्केचाळीस नको, वीस येऊ दे. पंधरा तरी.

१७ जानेवारी

नवऱ्याला, सम्राटला सांगून टाकलं. साखर कारखान्याचा हंगाम, या आठवड्यात त्याची तिसरी पाळी. सकाळी आला, डोळे लाल. झोपेचं वाटोळं झालेला माणूस चहा घेतोय आणि त्याला मी माशांच्या झोपेचं सांगतेय. तरी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "फरक न्हाय आला तर?"

म्हटलं, मग पेपर मागे घ्यावा लागेल.

"मग घे की. खोटं उराशी धरून डॉक्टर व्हायचं हाय व्हय तुला?"

संताप आला. त्याचं काय जातंय? मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं — थांब, मार्च होऊ दे. तो कूस बदलून झोपला. मी बावड्यातून बस धरली आणि दोन स्टॉप पुढे जाऊन उतरले. कळलंच नाही.

२४ जानेवारी

तीन मिनिटं.

२५ जानेवारी

पेट्यांची अदलाबदल केली. नव्या माशा. पुन्हा दहा दिवस. उगाच. मला माहीत आहे काय येणार.

५ फेब्रुवारी

या वेळी दोन मिनिटं, तीही उलट्या बाजूला. म्हणजे काहीच नाही. चुंबकत्वानं काही होतच नसेल असं नाही — पण माझ्या पेट्यांत झालं नव्हतं. मी दिव्याला चुंबक म्हणत होते.

जिन्यात बसून रडले. वर्षाराणी, वय एकतीस, हातात शून्य.

६ फेब्रुवारी

प्रियदर्शनीला सांगितलं. तिनं हातातला ब्रश खाली ठेवला. एकच विचारलं, "मी यायच्या आधी तुम्हाला हे माहीत होतं का?"

"नव्हतं."

मान हलवली आणि पुन्हा माशा मोजायला लागली. मोजताना चुकत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं.

७ फेब्रुवारी

पेपर मागे घेतोय असं पत्र लिहिलं. आठ ओळी. सरांपुढे ठेवलं तर म्हणाले, यावर मी सही करणार नाही. थिसिसचा विचार कर, घरच्यांचा कर. रागावले असते तर भांडले असते मी. पण आवाज थकलेला होता. माझी चूक आहे तेवढीच त्यांचीही, आणि त्यांना ती सुधारायला सहा महिनेच उरलेत.

चार वाजता पेपर छापणाऱ्या जर्नलला एकटीच्या नावानं पाठवलं. सरांना प्रत.

८ फेब्रुवारी

सरांचं जर्नलला एका शब्दाचं उत्तर — सहमत. केबिनचं दार दिवसभर बंद.

२० फेब्रुवारी

जर्नलनं काल सूचना छापली. थिसिस नव्यानं, किमान दोन वर्षं. सगळ्यांना कळलंय. कॅन्टीनमध्ये मी गेले की बोलणं थांबतं. पण काल रात्री झोप लागली. वाईटात वाईट जे व्हायचं होतं ते होऊन गेलं, एवढं तरी वाटलं.

२१ फेब्रुवारी

नागपूरहून मेल आला. मोना नावाची मुलगी. दोन वर्षं माझा प्रयोग करून बघत होती, फरक येत नव्हता. तिचे गाइड म्हणायचे, तुझ्या हातात कसबच नाही. लिहिलंय — "म्हणजे माझे हात बरोबर होते. डिसेंबरमध्ये पीएचडी सोडली मी. आधी तीनदा लिहिलं होतं तुम्हाला."

शोधलं. तीन मेल. एकही उघडलेला नाही. सप्टेंबरमधला पहिला, एका ओळीचा —

"ताई, तुमचा दिवा आणि कॉइल एकाच सप्लायवर आहेत का?"