शेवंताची करंडी

सोमेश्वरनगर

आदरणीय व्याही सोनबाराव यांस साहेबरावचा सप्रेम जय भीम.

इकडे सगळी मंडळी खुशाल आहेत. तुमच्या डाव्या गुडघ्यातली कळ अजून गेली नाही, असं प्रियदर्शनीकडून कळलं. (सूनबाई माहेरची बातमी हातचं राखून सांगत नाहीत.) परवा फोनवर तुम्ही म्हणालात की लोणी भापकरला उंदरांनी बाजरीची पोती फोडली, तेव्हा लग्नात पोरीबरोबर धाडलेली शेवंता मांजर रविवारी येऊन घेऊन जातो. मी "व्हय" म्हणालो. व्याह्यांना तोंडावर नाही म्हणायची माझी छाती नाही, म्हणून हे पत्र.

शेवंताविषयी माझं मत तुम्हाला ठाऊक आहेच. ती जागा बघून झोपत नाही, माणसाची वाट बघून झोपते. स्वयंपाकघराचा उंबरा, मोरीचं तोंड, आणि मी खुर्चीतून उठलो की माझ्या दोन पायांमधली जागा. त्यात दोन महिन्यांपूर्वी चार पिल्लं झाली, ती आईच्या हाताखाली तयार होताहेत. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आमचे जुने साहेब (त्यांच्या हाताखाली मी वीस वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होतो) भेटायला आले. मी हौसेनं स्वतः चहा आणायला गेलो, वाटेत शेवंता, आणि दोन्ही कप साहेबांच्या पांढऱ्या पँटवर. साहेब रुमालानं पँट पुसू लागले. शेवंतानं चहा हुंगला आणि बिनदुधाचा निघाला म्हणून तोंड फिरवलं.

आता खरं सांगतो. ऑपरेशननंतर मी पाय फरफटत चालायचो. बारामतीच्या फिजिओथेरपीच्या बाई पाय उचला, पाय उचला म्हणून थकल्या. मी मान डोलवायचो आणि घरी येऊन खुर्ची धरायचो. पण उंबऱ्यात मांजर पसरल्यावर पाय उचलण्यावाचून इलाज काय? दिवसातून चाळीस वेळा तिला ओलांडलं, शिव्या देत ओलांडलं. गेल्या महिन्यात बाईंनी पाय वाकवून पाहिला आणि विचारलं, घरी व्यायाम कोण करून घेतं? मांजर म्हणायची लाज वाटली. व्याह्यांची कृपा, असं सांगितलं. सोनबाराव, आज मी काठीशिवाय कालव्यापर्यंत जाऊन येतो. तुमचे उपकार कसे फेडू, कळत नाही.

शब्द दिलाय तर मांजर धाडावी का, असं तुमच्या विहीणबाईंना विचारलं. पुतळाबाई म्हणाल्या, "खुशाल धाडा. पर मग उंबऱ्यात आडवं कुणी पडायचं, मी?"

एवढ्यावरून काय ते समजून घ्यावं. लहानांना आशीर्वाद.

आपला,
साहेबराव

ता. क. रविवारी येण्याची तसदी घेऊ नका. शेवंता जिच्यात बसून आली ती वेताची करंडी तुमचे जावई अनुप या पत्राबरोबरच घेऊन येताहेत. व्याह्याचं भांडं रिकामं परत करू नये, म्हणून आत दोन पिल्लं आहेत. उंदरांचं सांगता येत नाही, पण आडवं पडण्यात आईवर गेली आहेत. तुमच्या गुडघ्याला गुण येईल.

ता. क. २. करंडी परत पाठवताना मात्र ही रीत पाळू नका. रिकामीच पाठवा.