पिवळ्या बिल्ल्याचा चिखल्या

६ जाने. २०१८, शनि.
सकाळची शाळा सुटल्यावर थेट धाकटी डहाणू. साडेअकरा. खाडीच्या चिखलात पिवळ्या बिल्ल्याचा चिखल्या यंदाही आलाय. मुठीएवढा पक्षी. कुणीतरी कुठेतरी पकडून पायात बिल्ला अडकवलाय, त्यावरची तीन अक्षरं कळवली की कुठून आला ते कळेल. मार्चमध्ये जाईल. १४० फोटो, अक्षर एकातही लागत नाही. ऑटोफोकस पक्षी सोडून मागच्या बोंबलांच्या दोऱ्यांवर जातो.

१३ जाने.
फोकसचा फक्त मधला बिंदू ठेवला. आता पक्षीच पकडतो, पण चित्र भुरकट. बोंबील वाळवणाऱ्या जमनाबाई म्हणाल्या, बिल्ल्यावरची नक्षी त्यांना दिसते. पायाशी येऊन माश्या टिपतो म्हणे. मी गेलो की उडतो! बर्फाच्या खोक्याच्या थर्माकोल झाकणावर कोळशाने काढूनही दाखवली. पहिलीतल्या पोरांच्या गिरगोट्या बऱ्या. शाळेत गेला होतात का, विचारलं. नाही म्हणाल्या. विषय संपला.

२१ जाने., रवि.
घरच्या वाडीत चाचणी. चाळीस पावलांवर चिकूचं खोकं, कॅमेरा तिवईवर. लेबलावरचं बारीक अक्षरसुद्धा लख्ख. मग खाडीवर काय होतं या लेन्सला? बायको सुनीता म्हणाली, एक दिवस वाडीतल्या गवतावरही फोकस करा. बरोबर आहे तिचं. गवत काढायचं राहिलंच.

३ फेब्रु.
पुन्हा तेच. सहाशे एमएमची लेन्स विकून टाकतो, असं वैतागून बडबडत होतो. जमनाबाई बोंबील उलटता उलटता म्हणाल्या, "मास्तर, या टायमाला चिखल हालतो. आमाला समोरची होडीपण सरल दिसत नाय. सकालचे या."
तापलेल्या चिखलावरची थरथरती हवा! वाडीत सावली होती, म्हणून तिथे कळलं नाही. तीन हिवाळे शनिवारी दुपारीच येतोय मी, आणि शिव्या लेन्सला. लाज वाटली.

८ मार्च, गुरु.
सकाळची ओहोटी आणि रजा जुळायला महिना गेला. सात वाजता चिखलात आडवा. पीस न् पीस मोजून घ्यावं असा फोटो. बिल्ल्यावर इंग्रजी पी, मग ७. तिसऱ्यावर चिखल. नेमका.
जमनाबाईंचं झाकण आठवलं, ओट्यावर जाऊन पाहिलं. कोळसा पुसट झालाय, पण आहे. पी. सात. आणि शेपटीवाला गोल. "मी सांगितलंवतं," एवढंच म्हणाल्या. झाकणाचा फोटो घेतला.

१७ मार्च
पक्षी गेला. आज बिल्ला कळवायचा फॉर्म भरायला बसलो. शेपटीवाला गोल म्हणजे ९ की क्यू, देव जाणे. दोन अक्षरं फोटोतून, तिसरं जमनाबाईंनी स्वतः पाहिलेलं, असं सरळ लिहिलं. झाकणाचा फोटो जोडला. धरतील, न धरतील.
निरीक्षकाचे पूर्ण नाव, या रकान्याशी अडलो. माझं लिहून झालं, खाली त्यांचं. जमनाबाई... पुढे? तीन हिवाळे त्यांच्या ओट्यावर चहा पितोय. आडनाव कधी विचारलंच नाही.