बहिरीची खेप

प्रिय कानसेन,

सोबतची पुडी लगेच फोडू नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. शाळेत संस्कृतचा पेपर हातात पडला की तू आधी शेवटचा प्रश्न वाचायचास आणि मग माझ्याकडे बघायचास. मी उत्तरपत्रिकेचा कोपरा सरकवायचो, आणि तू न वाचता उतरवून काढायचास. आज क्रमाने जा. आधी पत्र, मग पुडी.

ताई बरी आहे. तू विचारलं नाहीस, पण विचारायचं तुझ्या मनात असणार आणि ते मनातच राहणार, म्हणून सांगून टाकतो. अजून त्याच दुकानात आहे, कानाला लावायची यंत्रं विकतात तिथे. दिवसभर लोकांना काचेच्या खोलीत बसवते, बारीक बारीक आवाज सोडते आणि विचारते, "आला का? आता? आता आला का?" गुडघा दुखतो, चष्म्याचा नंबर वाढलाय, जीभ मात्र तशीच. परवा एका आजोबांनी यंत्र परत आणलं. म्हणाले, यात फक्त बायकोचंच बोलणं ऐकू येतं. ताई म्हणाली, "मग ते बिघडलेलं नाही आजोबा, रुळलंय."

आता तुझा लेख. मंडळाच्या वार्षिक अंकातला 'एका जोडीचं भाग्य' मी तीनदा वाचला. एकदा कार्यवाह म्हणून मुद्रितं तपासताना, एकदा रसिक म्हणून, आणि एकदा निव्वळ सुखासाठी. अकरा पानं! महाकाव्यात नायिकेच्या वाट्याला इतकी येत नाहीत. ज्या 'मंद्र' स्पीकरांचं उत्पादन बंद पडून वीस वर्षं झाली, ज्यांच्या कारखान्याच्या जागी आता गाड्या धुतात, त्यांच्यापुढे आपण तीसेक प्रौढ माणसं दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वाचनालयाच्या सभागृहात डोळे मिटून बसतो. आपल्यातला एकजण त्याच्या जोडीवर बायकोला फडकं फिरवू देत नाही. दुसऱ्याने मुलाची अभ्यासाची खोली स्पीकरांना दिली, आणि मुलगा जिन्यात बसून इंजिनीअर झाला. मी हसतो त्यांना, पण खरं सांगू? वस्तू निघायची बंद झाली की तिच्यावरचं प्रेम निर्धास्त होतं. ती आता नवं रूप घेऊन आपल्याला जुनं ठरवणार नाही. हे मला कळतं. लोक जिला मेलेली म्हणतात, ती भाषा मी तीस वर्षं शिकवतोय.

या पंथाचा आचार्य तू. तू म्हणशील ती जोडी अस्सल. ज्या स्पीकरामागे नंबराची पितळी पट्टी नाही, त्या जोड्या दोनच प्रकारच्या, असं तुझं वचन आहे. एक, कारखान्यातल्या माणसांनी स्वतःसाठी घरी नेलेली, म्हणजे निवडक माल. नाहीतर गिऱ्हाइकाने परत पाठवलेल्या त्या चाळीस जोड्यांतली, पट्ट्या उपटून भंगारात काढलेली, म्हणजे नुसतं लाकूड. या दोन्हींतला फरक तू एका तानेत सांगतोस. आणि मागचं झाकण कोणीही, कधीही, कोणत्याही कारणाने उघडायचं नाही. झाकण हललं की नाद गेला. हे सगळं मी इतिवृत्तात तारीखवार नोंदवलं आहे. अक्षर चांगलं म्हणून तूच तर मला कार्यवाह केलंस.

त्या चाळीस जोड्यांना मंडळात 'बहिरीची खेप' म्हणतात. नाव कोणी पाडलं ते कोणाला आठवत नाही. जुने अंक चाळणं हा माझा धंदाच, म्हणून मला सापडलं. नऊ वर्षांपूर्वीचा अंक, पान चार, लेखक तू. "ज्या तपासनीस बाईंनी ही खेप पास केली, त्या बहुधा बहिऱ्या असाव्यात." नाव छापलं नाहीस, एवढी तुझी सभ्यता.

ती तपासनीस बाई तुला नोकरी लावून देणारी होती, कानसेन. आमच्या घरी तू तिचा दुसरा धाकटा भाऊ होतास. मला उठसूट ओरडायची, तुला एकदाही नाही. 'मंद्र'च्या कारखान्यात यंत्रं होती, पण कुठला डावा कुठल्या उजव्याबरोबर नांदेल हे शेवटी ताई ठरवायची. दोन खोकी पुढ्यात ठेवून, हात मांडीवर घेऊन ऐकायची आणि म्हणायची, "यांचं जमेल." जमलं की दोन्ही खोक्यांत पेन्सिलीने तारीख, 'ठीक' आणि सही. कारखान्याचा नियमच होता: जो झाकण उघडेल त्याने आत तारीख घालून सही करायची, मग तो साहेब असो की सुतार. तिने तुलाही पहिल्या दिवशी तोच शिकवला. तू फार मन लावून शिकलास, ते मला पुढे कळलं.

मग तू पर्यवेक्षक झालास, आणि माहितीपत्रकासाठी फोटो काढायचे ठरले, झाकण उघडून, आतलं काम दाखवत. दोन्ही खोक्यांत लाल वायर डावीकडे होती. तुझ्या सौंदर्यदृष्टीला ते खुपलं. डावीकडच्यात लाल डावीकडे, तर उजवीकडच्यात ती उजवीकडे हवी, आरशातल्यासारखी. साहेबांना फोटो आवडला, आणि तू रवानगीला तयार असलेल्या चाळीसच्या चाळीस जोड्या स्वतःच्या हाताने तशाच सजवल्यास, ताईने पास केल्यानंतर, तिला न विचारता. तुला ध्वनिशास्त्र शिकवण्याइतका मी मोठा नाही, पण ताईने मला सांगितलं ते असं: एकाची वायर उलटी झाली की एक स्पीकर हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. दोघं एकमेकांचं खाऊन टाकतात, आणि खर्ज नाहीसा होतो. चाळीस जोड्या परत आल्या. ताई म्हणाली, एक उघडून बघू या. तू म्हणालास, "मी स्वतः उघडून पाहिलंय, ताई. वायरी बरोबर आहेत. तुझ्या ऐकण्यातच चूक झाली गं." तो 'गं' मी विसरलेलो नाही. तिने माझ्यासमोर बसून तो शब्द जसाच्या तसा सांगितला होता.

तिने ते मानलं. तुला कोणी दोष देईल म्हणून नव्हे, तू खोटं बोलशील हे तिला सुचलंच नाही म्हणून. नोकरी सोडली. दोन वर्षांनी कारखानाही बंद पडला, पण तोवर तिने घरात गाणं लावणं थांबवलं होतं. मी भंगारवाल्याकडून त्याच खेपेतली एक जोडी आणली, लाकूड चांगलं होतं म्हणून. खिडकीशी ठेवली आणि तिने वर कुंड्या मांडल्या. तू भेटायला आलास तेव्हा चहाचा कप त्याच खोक्यावर ठेवला होतास. मी म्हटलं, कुंडीत सांडेल. तू हसलास. किती सहज हसलास रे! पुढे ती कानाच्या दुकानात लागली. दर वर्षी स्वतःच्या वाढदिवशी, दुकान उघडायच्या आधी, ती काचेच्या खोलीत बसून स्वतःचे कान तपासायची. आलेख दर वर्षी उत्तम यायचा, आणि दर वर्षी ती दुरुस्तीवाल्याला सांगायची की यंत्र एकदा बघून घ्या, जरा जास्तच चांगलं दाखवतंय. एकोणीस वर्षं. हे मला तिच्या दुकानमालकाने सांगितलं, तिने नाही.

तीन वर्षांपूर्वी तिच्याकडे एक गिऱ्हाईक आलं, आपल्याच मंडळातलं. यंत्र बसवताना गप्पा निघाल्या, 'मंद्र'चा विषय आला, आणि त्याने मोठ्या हौसेने बहिरीच्या खेपेचा किस्सा तिला ऐकवला. तिने त्याचं यंत्र नीट बसवलं, "आता आला का?" विचारलं, आणि दुपारीच घरी आली. कुंड्या उतरवल्या. मला म्हणाली, "बॅटरी धर." उजव्या खोक्याचं झाकण काढलं आणि बराच वेळ आत बघत राहिली. मग दोन वायरींचे कथलाचे डाग सोडवले, अदलाबदल केली, पुन्हा डाग दिले, झाकण लावलं, आणि कारखान्याच्या दिवसांतली एक तबकडी शोधून काढली. खर्ज आला. खिडकीच्या काचेला कळला इतका आला. ती हात मांडीवर घेऊन शेवटपर्यंत ऐकत बसली. मग म्हणाली, "म्हणजे मी बरोबर ऐकलं होतं."

एवढंच. एकोणीस वर्षांचं एक वाक्य, आणि त्यात तुझं नावसुद्धा नाही. पाठोपाठ मला दटावलं, "आणि तू काही करू नकोस. सोड." मी मान डोलावली. मान डोलावणं आणि सोडणं हे दोन भिन्न धातू आहेत, हे तिला ठाऊक नाही, कारण ती संस्कृत घेतलं त्याच वर्षी नापास झाली होती.

त्या महिन्यात मी मंडळाचा सभासद झालो. तू मिठी मारलीस. तीन वर्षं मी मागच्या रांगेत बसून तुझं एकेक वचन टिपलं. इतका एकाग्र शिष्य तुला दुसरा मिळाला नसेल. गेल्या वर्षी ताईला म्हटलं, जोडी जरा दाखवून आणतो, आणि ती जुने रेडिओ-स्पीकर विकणाऱ्या आपल्या रेडिओकाकांच्या दुकानात नेऊन ठेवली. काकांना एवढंच बजावलं की खोटं अक्षर बोलायचं नाही. पट्टी नाही, कारखान्यात काम केलेल्या एका बाईंच्या घरून आली आहे, बस्स. तू आलास. डोळे मिटलेस. एक तान, कानसेन, खरोखर एकच! "निवडक माल! जिने ही जोडी जुळवली तिच्यासारखा कान आता होणे नाही." आणि तुझी पट्टीवाली, पहिल्या शंभरातली, पूजनीय जोडी बदल्यात देऊन ही घरी घेऊन गेलास. तेच वाक्य तू लेखात पान सातवर छापलंस. मुद्रितात मी त्यातला स्वल्पविरामसुद्धा हलवला नाही.

तुझी जोडी घरी आली तेव्हा ताईने पहिल्या सुरातच मान वर केली. "ही माझी नाही. कोणाची आहे?" मी म्हटलं, एका मित्राची. माझ्याकडे रोखून बघितलं. थोडं ऐकून म्हणाली, "बरी आहे. पण यांचं जमत नाही." सध्या त्यांच्यावर कुंड्या आहेत. डावीकडच्यावर कोरफड. पाणी बेताने घालते, काळजी नसावी.

तू म्हणशील, शास्त्री, इतकं जुनं उकरून काय मिळवलंस? सांगतो. सुख मिळालं. क्षमेवर मी वर्गात फार सुंदर बोलतो, मुलांचे डोळे पाणावतात. पण चूक सगळ्यांची होते, वायर कोणाचीही उलटी लागते. त्यासाठी मी शाईसुद्धा खर्च केली नसती. तू तिच्याकडून तिचे कान काढून घेतलेस, आणि स्वतःला लावून तीस माणसांचा आचार्य झालास. त्याची क्षमा माझ्या पाठ्यपुस्तकात नाही. झाकण उघडायचं नाही हे तुझं सूत्र ऐकून सगळे श्रद्धेने माना डोलावतात. ते सूत्र तुला का सुचलं, हे त्या खोलीत दोघांनाच ठाऊक आहे.

आता पत्राचं प्रयोजन. येत्या रविवारी तुझा सत्कार आहे, आणि तू ती जोडी सगळ्यांना ऐकवणार आहेस. कार्यक्रमपत्रिका मी तयार केली, तू सही केलीस. नेहमीप्रमाणे न वाचता उतरवलीस, तीसही प्रती पोचल्या आहेत. आता वाच. विषय क्रमांक चार: सदर जोडीच्या उजव्या स्पीकरचे मागील झाकण उघडून आतील नोंदींचे प्रकट वाचन; वाचक, स्वतः अध्यक्ष. प्रमुख पाहुण्या: कारखान्यातील एक जुन्या तपासनीस. ताईला मी सांगितलंय की जुन्या लोकांचं संमेलन आहे, नवी साडी नेस. तू आजारी पडलास तर नोंदी मी वाचेन, आणि माझा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचतो. तेव्हा बरा राहा. आत चार ओळी आहेत. पहिली पेन्सिलीची: तारीख, 'ठीक', ताईची सही. दुसरी निळ्या शाईतली, फोटोच्या आठवड्यातली, तुझी. तिसरीही निळ्या शाईतली, तुझीच, माल परत आल्यानंतर नऊ दिवसांची. म्हणजे तू उघडलंस, पाहिलंस, आणि पुन्हा बंद केलंस. खोटं बोलायला निघालेला माणूस नियम पाळून सही करून गेला, याचं मला अजून कौतुक वाटतं. चौथी तीन वर्षांपूर्वीची, पुन्हा पेन्सिलीची. ती इथे देतो, म्हणजे सभेत अडखळणार नाहीस: "वायर उलटी होती. सुलटी केली. ठीक. – बहिरी." आता पुडी फोड. स्क्रूड्रायव्हर ताईचा आहे, मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेला, तू ओळखशील. डावीकडचा वरचा स्क्रू घट्ट बसलाय, जपून. सोबत पेन्सिल ठेवली आहे, टोक करून. नियम आठवतो ना? जो झाकण उघडेल त्याने आत लिहायचं. चौथ्या ओळीखाली जागा भरपूर आहे, आणि तू जे लिहिशील ते वाचायला ताई पहिल्या रांगेत असेल.

तुझाच,
आणि रविवारपर्यंत तुझाच कार्यवाह,
शास्त्री